परमिट

रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
फोन उशीखाली थरथरला.
बाबांची बाज अंगणात, कुलरच्या पाठीमागे.
ते माझ्याआधी जागे.
सत्तावीस वर्षं लाइनमन होते सावळीच्या फिडरवर,
रात्रीचा फोन म्हणजे काय, त्यांना सांगावं लागत नाही.
"कोनतं ट्रिप झालं?" अंधारातून विचारलं.

काय सांगणार.
मुंबईच्या बाजूला कुठल्या तरी थंडगार इमारतीत
आमच्या कंपनीनं भाड्यानं घेतलेली यंत्रं आहेत,
मीही ती कधी पाहिली नाहीत.
पुलांना चिकटवलेले आमचे सेन्सर
त्यांच्याकडे रात्रंदिवस आवाज पाठवतात,
आणि ती ऐकत बसतात,
भेग दिसण्याआधी कशी वाजते ते.
त्या ऐकणाऱ्यांना जागं ठेवणं
एवढंच माझं काम. क्लाउड इंजिनिअर म्हणतात.
गावात म्हणतात, देवमनची पोरगी घरूनच काहीतरी करते.

"सगळंच," मी म्हटलं.

मागच्या दिवाळीत आम्ही एकोणीस जण होतो,
कोण चहा बिनसाखरेचा पितो ते पाठ होतं.
आता एकशे चाळीस.
त्यातला एक थॉमस, कोचीचा, रुजू होऊन अकरा दिवस.
त्याचाही फोन वाजला होता,
तोही बिचारा डोळे चोळत बसला होता.
मी इकडून यंत्रं जोडत होते,
तो तिकडून तोडत होता,
माझीच त्याला जास्तीची वाटत होती.
दोघंही प्रामाणिक.
त्रेचाळीस मिनिटं
अकरा पुलांनी काय म्हटलं
ते आता कुणालाच कळणार नाही.
आलेखात तेवढी पांढरी पट्टी आहे.

सकाळी बाबा बादलीनं कुलरमध्ये पाणी टाकत होते.
मी सांगितलं, जमेल तसं.
"दोघं एकाच तारेवर?" म्हणाले,
आणि बादली खाली ठेवली.

"उद्धवचंही असंच झालं व्हतं.
तो खांबावर. खाली कोनाच्या तरी घरी हळद,
उजेड पायजे व्हता लोकायले.
सबस्टेशनवरच्या पोरानं कीव करून लाइन चालू केली."

पुढचं ते बोलले नाहीत.
उजवी मूठ फक्त उघडली, मिटली.

उद्धवकाका स्टँडवर पानठेला चालवतात.
लहानपणी गोळ्या देताना डावा हात पुढे करायचे,
मला वाटायचं, डावखुरे आहेत.

दुपारी बाबांनी पेटीतून एक वही काढली,
कार्बनचा निळा डाग कडेला.
नंबर, वेळ, नाव, सही.
"वर चढायच्या आंधी हे घ्यायचं.
ज्यानं घेतलं त्यानंच वापस करायचं.
त्याच्या बायकोनं मागतलं तरी देऊ नाई."
बेचाळीस पानं. एकाही पानावर खाडाखोड नाही.

त्या आठवड्यात मी साठ ओळी लिहिल्या.
यंत्रांना हात लावण्याआधी नाव नोंदवा, वेळ नोंदवा,
एकाचं चालू असेल तर दुसऱ्याला दार बंद.
ज्यानं घेतलं त्यानंच परत करावं.
ओळींच्या डोक्यावर, उगाच, मराठीत शेरा टाकला,
बायकोचा.

थॉमसनं तो कुठून तरी उलटवून घेतला
आणि तपासणीत एकच शंका काढली:
कुणाच्या बायकोनं?
मी सबस्टेशन सांगितलं, हळद सांगितली,
डावा हात सांगितला.
बराच वेळ तिकडे तीन ठिपके हलत राहिले.
मग त्यानं मंजूर केलं.
शेरा काढू नकोस, म्हणाला.

काल पुन्हा फोन. तीन वाजायला आले होते,
तुरीच्या रानाकडून कुत्री भुंकत होती.
बाजेची दोरी करकरली.
"परमिट घेतलं काय व बाई?"
"घेतलं."
"मंग सावकाश कर."
आणि कूस बदलली.